लिंबाला किती एचपीची मोटार?

विहिरीवर मोटार बसवणाऱ्या कुणालाही विचारा, तो सांगेल की मोटार आणि पाणी यांच्यात 20-25 फुटांपेक्षा जास्त अंतर पडू द्यायचं नाही. पुढे ती पाणी उंच फेकेल, टेकाडावरच्या रानात नेऊन सोडेल, पण खालून उचलायचं म्हटलं की तिची ताकद तिथंच संपते. आमच्या पाटोदा तालुक्यात, बालाघाटाच्या पठारावर, चांगला पाऊस झालेल्या साली दिवाळीत विहिरी भरलेल्या असतात आणि मोटार काठावर असते. संक्रांतीनंतर पाणी हटायला लागलं की तिला दोरानं बांधून आतल्या टप्प्यावर उतरवायचं. शिमग्याला आणखी खाली. दर खेपेला पाइप जोडा, फुटवाल (पाइपाच्या तळाची झडप) तपासा, पाइपात कळशीनं पाणी ओतून तो काठोकाठ भरून घ्या. एखाद्या सांध्यातून जराशी हवा शिरली की सगळी मेहनत वाया. मोटार नुसती घूं घूं करत फिरते, पाणी येत नाही. मोटारीनं हवा धरली, असं म्हणायचं आणि पुन्हा पहिल्यापासून लागायचं. आता बहुतेकांनी पाणबुडी मोटारी घेतल्या, त्या थेट पाण्यातच बसतात. पण माझं लहानपण या हवा धरण्यात गेलं.

मोटार पाणी ओढते असं आपण म्हणतो. खरं तर ती पाइपातला दाब कमी करते एवढंच. विहिरीतल्या पाण्यावर बाहेरच्या हवेचं वजन असतं, ते वजन पाण्याला पाइपात वर ढकलतं. समुद्रसपाटीला हवेच्या वजनात पाणी जास्तीत जास्त 10 मीटरच्या थोडं वर ढकलण्याचीच ताकद आहे, आणि आमच्या पठारावर त्याहून कमी. व्यवहारात घर्षण, गळती धरून 7 मीटर मिळाले तरी खूप. पंप कितीही भारी आणला तरी या आकड्यात फरक पडत नाही, कारण पाइपातला दाब शून्य केल्यावर त्याच्या खाली तो नेणार तरी कुठे? गॅलिलिओनं 1638 च्या आपल्या ग्रंथात ही अडचण नोंदवली आहे, आणि तीही एका पंप दुरुस्त करणाऱ्या कामगाराच्या तोंडून कळल्याचं त्यातलं पात्र सांगतं. कारण काही त्याला नीट लागलं नाही. ते त्याचा शिष्य टॉरिसेलीला लागलं.

आमच्या विहिरीच्या काठावर एक लिंब आहे. शहरात त्याला कडुलिंब म्हणतात, आमच्याकडे नुसता लिंब. एका फाल्गुनात मोटार खाली उतरवताना तात्या, म्हणजे माझे चुलते, घाम पुसत त्याच्या सावलीला बसले होते. वर बघून म्हणाले, "ह्या लिंबाला किती एचपीची मोटार बसिवलीय रं?"

मी तेव्हा कॉलेजात विज्ञान शिकत होतो. "तात्या, त्याला मोटार नसते, मुळं पाणी शोषतात," असं काहीतरी पुस्तकी सांगितलं.

"शोषत्यात ते खालीच. वर कोण नेतंय?"

प्रश्न बिनतोड होता. विहिरीचं पाणी तेव्हा काठापासून 40 फूट खाली, आणि काठापासून लिंबाचा शेंडा 50 फूट वर. मुळं किती खोल गेलीत ते निराळंच. मधल्या कुठल्याही टप्प्यावर दुसरी मोटार नाही, आवाज नाही, लाईट नाही. हाच प्रश्न वनस्पतिशास्त्रज्ञांना दीडशे-दोनशे वर्षं छळत होता हे मला पुढे कळलं. कॅलिफोर्नियातल्या रेडवूड वृक्षांत तर 115 मीटर उंचीची झाडं आहेत. हवेचं वजन पाणी जितकं वर ढकलू शकतं त्याच्या 11 पट उंची ती.

पहिलं सुचणारं उत्तर म्हणजे मुळं खालून रेटतात. त्यात तथ्य आहे. लंडनजवळच्या टेडिंग्टन गावचा पाद्री स्टीफन हेल्स यानं द्राक्षाचा वेल छाटून त्याच्या थोटकावर काचेची नळी बसवली, तर रस नळीत 20 फुटांच्या वर चढला. त्याचे हे प्रयोग 1727 साली छापून आले. आपल्याकडे हे रेटणं बघायचं तर श्रावणात पहाटे परसातल्या अळूकडे जावं. रात्री पाऊस नसला तरी पानाच्या टोकाला थेंब लोंबत असतो, तो टपकतो, जरा वेळानं दुसरा जमतो. आपण त्याला दव समजतो, पण दव पानभर पसरतं, हा टोकालाच असतो. मुळांनी रात्रभर रेटलेलं पाणी पानाच्या टोकावरच्या बारीक छिद्रांतून बाहेर येतं. कोवळ्या ज्वारीच्या शेंड्यांवरही हेच मोती असतात.

पण या रेट्याला ओली जमीन लागते आणि दमट रात्र लागते. ऊन तापलं की तो नाहीसा होतो. भर दुपारी तरारलेलं झाड कापलं तर थोटकातून पाणी वर येत नाही, उलट थोटकावर घातलेलं पाणी आत ओढलं जातं. चैत्रातल्या आमच्या लिंबाला या रेट्याचा काही उपयोग नाही.

मग दुसरं उत्तर: खोडातल्या जिवंत पेशी पाणी एकमेकींच्या हातात देत वर नेत असतील. हे उत्तर मनाला फार पटतं. जगदीशचंद्र बोस यांनाही ते पटलं होतं. खोडाच्या सालीच्या आतल्या थरातल्या पेशी आकसतात, फुगतात आणि त्या स्पंदनानं रस वर चढतो, असं त्यांनी विजेच्या नाजूक उपकरणांनी मोजून मांडलं. त्यावर 1923 साली त्यांचा अख्खा ग्रंथ आला. बोसांविषयी आपल्याकडे बोलताना एक तर आरती ओवाळली जाते, नाही तर पाश्चात्त्यांनी त्यांचं श्रेय लाटलं म्हणून हळहळ व्यक्त होते. वनस्पतींमध्ये विजेचे संदेश धावतात हे त्यांचं म्हणणं काळानं खरं ठरवलं. रस चढण्याच्या बाबतीत मात्र ते चुकले, आणि तसं म्हणण्यानं त्यांचं मोठेपण कमी होत नाही.

त्यांच्याआधीच जर्मनीतल्या बॉन इथं एडुआर्ड स्ट्रासबर्गर यानं या कल्पनेच्या मुळावर घाव घातला होता, अगदी शब्दशः. 1890 च्या आसपास त्यानं 20 मीटरांहून उंच झाडं बुंध्याशी करवतून विषारी पिक्रिक आम्लाच्या टाकीत उभी केली. विष वर चढलं, वाटेतल्या जिवंत पेशी मारत मारत चढलं. पेशी मेल्या, तरी रस थांबला नाही. मागाहून टाकीत घातलेलं रंगाचं पाणीही त्याच मेलेल्या खोडातून वर गेलं. विष पानांत पोचलं, पानं मेली, आणि मग चढणं बंद पडलं.

म्हणजे खोड जिवंत असण्याची गरज नाही. पान हवं. तसंही ज्या नळ्यांतून पाणी जातं त्या जलवाहिन्या मेलेल्याच पेशींच्या असतात. पेशी आधी वाढते, भिंतीला आतून लाकडाचे वेढे देऊन बळकटी आणते, मग आतलं सगळं विरघळवून मरून जाते, आणि उरलेल्या पोकळीत पाणी वाहू लागतं. झाडाचं अर्धं शहाणपण या मरणात आहे असं मला वाटतं.

या वाहिन्या बघायला सूक्ष्मदर्शक लागत नाही, तेरडा पुरतो. त्याचं खोड पाणीदार, काचेसारखं असतं. शाळेत आम्ही तो मुळासकट उपटून लाल शाईच्या पाण्यात ठेवायचो. सुरुवातीला काहीच दिसत नाही. मग खोडाच्या तळाशी लालसर रेघा उमटतात, एकमेकींपासून सुट्या, दोऱ्यांसारख्या, आणि बघता बघता वर सरकतात. पेरापाशी एखादी रेघ फुटून देठात वळते. शेवटी पानाच्या शिरा लाल होतात, आधी मधली, मग बाजूच्या, मग जाळी. ब्लेडनं खोड आडवं कापलं तर काठाजवळ लाल ठिपक्यांचं कडं दिसतं, मधला गाभा पांढराच्या पांढरा. आणि गंमत म्हणजे दोन तेरडे शेजारी ठेवून एकाची सगळी पानं खुडली, तर त्याच्यातल्या रेघा रेंगाळतात. पानं असलेला वाऱ्याला ठेवला तर त्याच्या सुसाट चढतात. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, इथं तो मधल्या सुट्टीच्या आत शेंड्याला पोचायचा.

पानच ओढतं, हे यात उघड दिसतं. पण कसं, हे 1894 साली डब्लिनच्या दोघांनी सांगितलं: हेन्री डिक्सन आणि जॉन जोली. डिक्सन वनस्पतिशास्त्रज्ञ, जोली भौतिकीत आणि भूशास्त्रात मुरलेला. समुद्राच्या खारेपणावरून पृथ्वीचं वय काढायचा प्रयत्न करणारा तो हाच. त्यांचं म्हणणं असं की पाण्याला खरोखर ओढता येतं. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. बारीक नळीत, हवेचा एकही बुडबुडा नसताना, पाण्याचा स्तंभ वरून ओढला तर तो तुटत नाही, ताणला जातो. त्यातला दाब शून्यावर थांबत नाही, शून्याच्या खाली जातो. मोटारीची मेख इथंच आहे. तिच्या पाइपात शून्याच्या जवळ जाताच पाणी उकळून वाफ होते, बुडबुडे धरतात आणि स्तंभ तुटतो. झाडाच्या नळ्या मिलिमीटरच्या दहाव्या-विसाव्या भागाइतक्या अरुंद असतात, आतून पाण्याला चिकटून असतात आणि जन्मापासून पाण्यानं भरलेल्या असतात. त्यांचं प्रायमिंग, म्हणजे आधी पाणी ओतून भरून घेणं, कुणाला करावं लागत नाही.

ओढ कुठून येते? पानाच्या पोटातल्या पेशींच्या भिंती ओल्या असतात. त्यांच्या तंतूंमधली छिद्रं इतकी सूक्ष्म की मिलिमीटरचे लाख भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढी. पर्णरंध्र उघडलं की ओलावा हवेत उडतो, छिद्रातलं पाणी आत खचतं, त्याचा पृष्ठभाग वाकतो आणि तो वाक मागचं पाणी पुढे खेचतो. तेच खेचणं देठातून, फांदीतून, खोडातून थेट मुळाच्या टोकापर्यंत आणि तिथून मातीच्या कणाला बिलगलेल्या पाण्यापर्यंत पोचतं. या सगळ्याला लागणारी शक्ती झाड खर्च करत नाही. पाण्याची वाफ करायचं काम ऊन करतं. हवेत आर्द्रता 50 टक्के असेल तर तिची पाण्याला असलेली ओढ 900 वातावरणांच्या दाबाहून जास्त भरते (एक वातावरण म्हणजे समुद्रसपाटीवरचा हवेचा दाब). आमच्याकडे चैत्रातल्या दुपारी हवा त्याहून कितीतरी कोरडी असते. त्या हिशेबानं लिंबाला पाणी वर न्यायची अडचण नाहीच. अडचण उलटी आहे: ते उडून जाऊ न देण्याची. रंध्रं उघडल्याशिवाय कार्बन डायऑक्साइड आत येत नाही, आणि त्याच्या एका रेणूमागे पाण्याचे शेकडो रेणू निसटतात. मुळांनी घेतलेल्या पाण्यापैकी 95 टक्क्यांहून जास्त असंच हवेत जातं.

तात्यांना हे पुढे कधीतरी सांगितलं. "म्हंजे बिल न्हाई," ते म्हणाले. एवढाच निष्कर्ष त्यांनी काढला, आणि तो बरोबर होता.

हा ताण प्रत्यक्ष मोजायला 1965 साल उजाडलं. पेर शोलँडर यानं एक साधं उपकरण वापरलं: जाड पोलादी भांडं, त्यात फांदी ठेवायची, तिचं कापलेलं टोक झाकणाच्या भोकातून बाहेर. फांदी कापताक्षणी ताणलेलं पाणी आत उडी मारतं. मग भांड्यात वायूचा दाब वाढवत जायचं. टोकावर पाणी परत दिसलं की तेवढाच ताण झाडात होता. उंच डग्लस फरच्या शेंड्याची फांदी मिळवायला त्यानं रायफल वापरली, गोळी घालून डहाळ्या पाडल्या. ओल्या जंगलात त्याला 4-5 वातावरणांचा ताण मिळाला, वाळवंटात 80 पर्यंत. खाडीकाठच्या झाडांत 35 ते 60. कोकणातल्या तिवरांची, कांदळांची जात ती. भोवती पाणीच पाणी, पण समुद्राचं खारं पाणी सुमारे 25 वातावरणांच्या जोरानं गोड पाणी धरून ठेवतं. त्याच्यापेक्षा जास्त ओढल्याखेरीज घोटभरही मिळत नाही. गुडघाभर पाण्यात उभं राहून वाळवंटाच्या तोडीचा ताण सोसायचा.

इतक्या ताणाखाली हवा आत शिरायला टपलेली असतेच. दुष्काळात ताण फारच वाढला की शेजारच्या रिकाम्या नळीतून सूक्ष्म बुडबुडा ओढला जातो, क्षणात फुगतो आणि ती नळी निकामी होते. लिंबानंही हवा धरली, म्हणा. फरक इतकाच की झाडात अशा हजारो नळ्या शेजारी शेजारी असतात आणि त्यांच्यामधल्या भिंतींना गाळण्यांसारखे पडदे असतात. एकीतली हवा दुसरीत सहज जात नाही, पाणी वळसा घालून वर जातं. नळी तुटताना टिक असा आवाज होतो. जॉन मिलबर्न आणि जॉन्सन यांनी 1966 साली तो पहिल्यांदा पकडला, एरंडाच्या पानात. आमच्या बांधावर आपोआप उगवणारा, कुणी ढुंकूनही न बघणारा तो एरंड. 2023 साली तेल अवीवच्या संशोधकांनी टोमॅटो आणि तंबाखूच्या तहानलेल्या रोपांतून निघणारे अशाच प्रकारचे, माणसाला ऐकू न येणारे आवाज टिपले, तेव्हा झाडं किंचाळतात म्हणून बातम्यांचं गुऱ्हाळ सुरू झालं. मला ते किंचाळणं वगैरे पटत नाही. पाइपात हवा शिरल्याचा आवाज किंकाळी ठरला तर आमच्या विहिरीवर दर फाल्गुनात हंबरडा चालला होता म्हणावं लागेल.

हे सगळं समजून घेतल्यावरही मला जास्त कुतूहल राहिलं ते पाडव्याच्या पाल्याचं.

आमच्याकडे शेवटचा खरा पाऊस ऑक्टोबरातला. माघ-फाल्गुनात लिंबाचा पाला पिवळा पडून गळतो, अंगण झाडून झाडून आई वैतागते. आठ-पंधरा दिवस झाड विरळ, केविलवाणं दिसतं. मग गावात टँकर सुरू व्हायच्या सुमाराला, जमीन भेगाळलेली, हवा भट्टीसारखी, अशात फांद्यांच्या टोकांना तांबूस, चकचकीत पालवी फुटते. पाडव्याला गुळाबरोबर खायचा तो हाच कोवळा पाला. पाठोपाठ पांढऱ्या बारीक फुलांचे तुरे, रात्री त्यांचा मधाळ वास. पिंपळही याच दिवसांत लालसर लवलवतो, सह्याद्रीत कुसुम तर अख्खा तांबडा होतो. चैत्रपालवी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की त्यातलं आक्रीत दिसत नाही. पाऊस दोन महिने लांब असताना, वर्षातल्या सगळ्यात कोरड्या हवेत, पाणी उडवणारी नवी पानं काढायची?

थायलंडच्या जंगलांत हेच बघून एलियट, बेकर आणि बोर्चर्ट यांनी 2006 साली त्याला आशियाई मोसमी वनांचं कोडं म्हटलं. उकल पानगळीत आहे. जुनी पानं गेली की पाणी उडायची वाट बंद होते. खोडातला ताण सैल पडतो. खाली खोल मुळांना जे थोडं थोडं मिळत राहतं ते आता खर्च न होता खोडात, फांद्यांत साठतं, झाड आतून भिजतं. कळीतल्या पेशी फुगायला पाण्याचा दाब लागतो, तो असा जमतो. फुटायची वेळ, त्यांच्या मते, वसंत संपातानंतर, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे झाल्यावर, वाढत जाणारा दिवस ठरवतो. त्यामुळे पाऊस लवकर येवो, उशिरा येवो, पालवीच्या वेळेत फारसा फरक पडत नाही.

खोल मुळं म्हणजे किती खोल? गाळ काढायला मी विहिरीत उतरायचो तेव्हा ती पाहिली आहेत. वर काळी माती, हातभर. तिच्यात केसांसारख्या मुळांचं जाळं, चैत्रात कोरडं, चोळलं तर भुगा होणारं. तिच्याखाली मुरूम, पिवळट, आणि त्यातून अंगठ्याएवढं एक मूळ सरळ खाली गेलेलं. मुरुमाखाली काळा कातळ सुरू होतो, तिथं ते मूळ भेगेत शिरताना चपटं झालं होतं, पट्टीसारखं. भेगेच्या तोंडाशी हात लावला तर दगड गार, ओलसर. पाझर म्हणावा असं काही नव्हतं. कळशी भरायला त्या ओलीनं आठवडा घेतला असता. पाणाडे उंबर बघून विहिरीची जागा सांगतात, त्यात हीच अटकळ असावी: जिथं झाड उन्हाळ्यात हिरवं, तिथं खाली काहीतरी आहे. पण झाडाला पुरणारं काहीतरी आणि मोटारीला पुरणारं काहीतरी यांत फार अंतर आहे. त्या अंतरात आमच्या भागातल्या कितीतरी बोअर कोरड्या गेल्या.

म्हणजे पाडव्याला आपण चावतो तो पाला गेल्या वर्षीच्या पावसाचा असतो. तो पाऊस ऑगस्ट-सप्टेंबरात मुरला, भेगेत थांबला आणि फाल्गुनात पानं टाकून झाडानं तो जमवला.

एवढी घाई करून झाडाला काय मिळतं? तमिळनाडूतल्या मुदुमलईच्या जंगलात मुरली आणि सुकुमार यांनी केलेला अभ्यास 1993 साली आला. पावसाआधी लवकर पालवणाऱ्या झाडांची पानं किड्यांनी कमी खाल्ली, कारण किडे वाढतात ते पावसाच्या ओलीवर. ते येईपर्यंत पानं निबर झालेली असतात. शिवाय मृग बरसला की त्याच दिवसापासून काम करायला भरलेली पानं हजर. आपलं मोसमी वर्ष चार महिन्यांचं, त्यातला महिना पानं वाढवण्यात घालवणं परवडत नाही.

लिंबाचं मात्र आणखी एक कारण आहे असं मला वाटतं, आणि ते निंबोळीत आहे. चैत्रातल्या फुलांच्या निंबोळ्या पिकतात त्या ज्येष्ठ-आषाढात. पिवळ्याधमक होऊन पहिल्या पावसांत चिखलात पडतात, पोरं गोड गर चोखून बी थुंकतात, साळुंक्या-बुलबुल लांब नेऊन टाकतात. बायाबापड्या अर्कासाठी पाट्या भरून गोळा करतात. या बीला धीर नसतो, ती ओल्या जमिनीवरच पडायला हवी, आणि त्यासाठी फुलं चैत्रातच यायला हवीत. काही आठवड्यांतच तिची उगवणशक्ती घटायला लागते. रोपवाटिकेतले लोक म्हणूनच ताजी निंबोळी गर काढून लगेच लावतात. सावलीत वाळवून डब्यात ठेवली आणि पुढच्या मृगाला पेरली, तर क्वचितच एखादी उगवते.